भिकनच्या नावाची ओळ

आधीच सांगतो, हे खरं आहे. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. मीसुद्धा हसलो होतो. मग योगिनीनं मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि माझं हसणं संपलं.

योगिनी माझी मावसबहीण. जागा नाशिक, पाथर्डी फाटा. आणि वेळ रात्रीची नाही बरं का, भर दुपारची. मागच्या डिसेंबरातला एक शनिवार.

योगिनी लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत कामाला आहे. ऑफिस मुंबई नाक्याला. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं लाल बटण दाबायचं, कॉल थेट कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. तिथे एक भलामोठा तक्ता असतो, ऑनलाइन. एका ओळीत एक लिफ्ट, तिच्यापुढे मेकॅनिकचं नाव, त्यापुढे त्याचा मोबाइल नंबर. सॉफ्टवेअर ती ओळ बघतं आणि कॉल त्या माणसाला जोडून देतं. ओळ चुकली की कॉल चुकला.

ह्या ओळी भरायच्या, बदलायच्या, हेच योगिनीचं काम.

दिवाळीनंतर त्यांचा एक मेकॅनिक गेला. भिकन. नामपूरकडचा, गोड बोलणारा माणूस. गोविंदनगरच्या एका बिल्डिंगमध्ये त्यानं वरच्या मजल्यावर दार उघडून आत पाय टाकला…

आत लिफ्टच नव्हती.

साहेब म्हणाले, त्याच्या सगळ्या ओळी मनोजच्या नावावर करून टाक. मनोज म्हणजे दुसरा मेकॅनिक. पण योगिनीचा हात धजेना. दहावं व्हायच्या आत माणसाचं नाव कसं पुसायचं? तिनं नंबर तेवढा मनोजचा टाकला आणि नाव भिकनचंच राहू दिलं.

तिथेच चुकलं, असं ती आजही म्हणते.

थोड्याच दिवसांत सिडकोतल्या एका सोसायटीतून फोन आला. झुंबर नावाचे एक म्हातारे बाबा, कळवणहून मुलाकडे आलेले. तक्रार असणार म्हणून योगिनी सावरून बसली. तर बाबा आभार मानत होते.

"पोरी, तुमचा तो भिकन लय धीराचा माणूस हाय. लिफ्ट चालू होईस्तोवर बोलत व्हता माझ्याशी."

योगिनी फोन ठेवून तशीच उठली.

तिनं मनोजला विचारलं. त्यानं वैतागून मोबाइलच तिच्यापुढे धरला. त्याला त्या दिवशी कॉल आलाच नव्हता.

तिनं तक्ता उघडला…

नंबर भिकनचा होता. तिनं स्वतःच्या हातानं बदललेला, तरी भिकनचाच. बदल कुणी केला हे दाखवणारा एक रकाना असतो.

तो रिकामा होता.

मग तिनं कॉलचं रेकॉर्डिंग काढलं. झुंबरबाबांचा आवाज. मग शांतता. मग बाबांचं "हो हो, बसतो खाली." पुन्हा शांतता. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. साधा श्वाससुद्धा नाही.

तिनं नाव पुसलं, नंबर पुसला, मनोजचं सगळं भरलं. सकाळी येऊन बघते तर… भिकन.

पुन्हा पुसलं.

पुन्हा भिकन.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, चार दिवस रजा घे. म्हणजे झालं. बाईमाणसानं घाबरून काही सांगितलं की तिला रजा द्यायची, एवढंच कळतं ह्या लोकांना.

आता तो शनिवार.

योगिनीची पायल दुसरीत आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते, व्हॅन पाथर्डी फाट्याला त्यांच्या बिल्डिंगखाली सोडते आणि पोर लिफ्टनं वर शेजारच्या काकूंकडे जाते. हर्षल, म्हणजे योगिनीचा नवरा, इगतपुरीला रेल्वेत. त्या दिवशी तो ड्युटीवरच होता.

योगिनीच्या स्क्रीनवर एक कॉल लागला. तिनं लिफ्टचा पत्ता वाचला.

तिचीच बिल्डिंग. आणि पुढे नाव… भिकन.

तिनं हेडफोन कानाला लावले. तिच्या खुर्चीवरून चालू कॉल ऐकता येतो, तोडता येतो, पण मध्ये बोलता येत नाही. आतून पायलचा आवाज आला. रडत नव्हती, अगदी शांत होती.

"हो काका."

शांतता.

"नाही काका, अंधार आहे. पण मी नाही घाबरत."

शांतता…

"दार? ओढू का जोरात?"

योगिनी ओरडली, नको पिल्लू, हात लावू नको. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. पायलला कुठून ऐकू जाणार? तिनं वॉचमनला फोन लावला, तो उचलेना. मनोजला लावला. तो पाथर्डी गावातच होता, निघालो म्हणाला. पण तो पोहोचेपर्यंत काय?

तिनं ती ओळ उघडली. नंबर पुसला, तिथे स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. सेव्ह केलं. पण तक्ता बदलला तरी चालू कॉल बदलत नाही, नवा नंबर पुढच्या कॉलला लागतो. म्हणजे आधी हा कॉल तोडायला हवा. तोडला की पोर त्या अंधारात एकटी. पायलनं पुन्हा बटण दाबलंच नाही तर? आणि नाही तोडला तर…

"काका, थोडंसं उघडलंय," पायल म्हणाली.

योगिनीनं स्क्रीनला हात जोडले.

"भिकनभाऊ, तुमच्या पाया पडते. लेकरू आहे हो. हवं तर मला न्या, पण तिला सोडा."

आणि तिनं कॉल तोडला.

मोबाइल हातात घट्ट धरून ती उभी राहिली. वाज, वाज एकदाचा. देवाला, कुलदैवताला, सगळ्यांना साकडं घालून झालं.

मोबाइल वाजला नाही.

पण स्क्रीनवर नवा कॉल आला. लिफ्ट तीच. नंबर योगिनीचा. खाली लिहून आलं, बोलणं सुरू.

हातातला मोबाइल तसाच गप्प होता. तिनं घाईनं हेडफोन लावले, तर ह्या वेळी त्यातून काहीच ऐकू येईना. मग ती थांबली नाही. स्कूटी काढून सुसाट सुटली. सिग्नल पाळले की नाही, तिचं तिलाही आठवत नाही.

ती पोहोचली तेव्हा मनोजनं पायलला बाहेर काढलं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली होती, आणि दार हातभर उघडं होतं. पोरीनं एक पाऊल टाकलं असतं तर संपलंच होतं सगळं. मनोजचा चेहरा पांढराफटक पडला होता.

योगिनीनं तिला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. पायल मात्र हसत होती.

"रडतेस काय आई? तूच तर बोलत होतीस ना इतका वेळ. दारापासून लांब बस म्हणालीस, मी बसले."

योगिनी एक अक्षर बोलली नव्हती.

सोमवारी तिनं त्या दुसऱ्या कॉलचं रेकॉर्डिंग काढलं. तेच तिनं मला ऐकवलं. त्यात एकट्या पायलचा आवाज आहे.

"आई, तू किती लांब आहेस?"

शांतता.

"मग फटीतून तुझ्यामागे ते सगळे कोण उभे दिसताहेत?"

बराच वेळ काहीच नाही…

"बरं. नाही सांगणार."

त्या रात्री योगिनीनं लेकीला जवळ घेऊन विचारलं, कोण उभे होते गं? पायलनं मान हलवली.

"तूच म्हणालीस ना, मी स्वतः येऊन विचारलं तरी सांगायचं नाही म्हणून."

आता योगिनी काही बोलली की पायल आधी तिच्या ओठांकडे बघते, ते हलताहेत ना म्हणून. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला त्या घरी जेवण जात नाही.