पडद्यावरचा करकोचा

व्हर्ना लिंडक्विस्टने समोरच्या कॉफीला हातही लावला नाही. कापडाची गुंडाळी टेबलावर ठेवत ती म्हणाली, "माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

अमेरिकेत, मिनिआपोलिसमध्ये त्या काळी सिग्ने तोर्विकचं कार्यालय एका शिंप्याच्या दुकानावर होतं. नवऱ्यामागे त्याचा गुप्तहेरीचा धंदा तिने चालू ठेवला होता. धाकटा दीर वॉल्ट गाडी चालवी, कॉफी करी आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेई.

व्हर्ना विणकर होती. इथला एक कलान्यास दरवर्षी एका कलाकाराला परदेशी शिकायला पाठवी. तिला क्योटोला जायचं होतं, ओबाता नावाच्या म्हाताऱ्या विणकराकडे. तो ऐंशीच्या पुढचा, आणि ही शेवटचीच शिष्या असं त्याने कळवलं होतं. निवड जवळजवळ झाली होती. तेवढ्यात परीक्षकांपैकी एक, प्राध्यापक हार्लन स्ट्राउड म्हणाले, हे कापड मी जपानात पाहिलंय, ही नक्कल आहे. शिष्यवृत्ती गेलीच, शिवाय ती शिकवायची त्या शाळेनेही तिचे वर्ग बंद केले.

तिने गुंडाळी उलगडली. राखाडी पाणी, आणि डाव्या कडेला एक करकोचा, चोच बाहेर काढलेला, जणू कापड सोडून निघालेला.

"हे कुणी कुणी पाहिलंय?" सिग्नेने विचारलं.

"कुणीच नाही. आज पहिल्यांदा घराबाहेर काढलं. अर्जाबरोबर फक्त स्लाइड गेली, फोटोची छोटीशी पारदर्शक फिल्म."

तेव्हाची रीतच तशी होती. प्रत्यक्ष वस्तू कुणी मागवत नसे. नाव झाकायचं, खोलीत अंधार करायचा, यंत्रातून भिंतीवरच्या पडद्यावर चित्र टाकायचं. क्षणभरात एखाद्याचं आयुष्य पुढे सरके किंवा मागे पडे.

सिग्ने आणि वॉल्ट न्यासाच्या कचेरीत पोचले तेव्हा सचिव मिस ओस्ट्रेम आधीच वैतागलेल्या होत्या. एवढ्या स्लाइड्स यंत्रात एकटीने भरल्या, आता पोलीसचौकशीही एकटीनेच झेलायची का, असं त्यांनी ऐकवलं. पण यंत्र अजून तसंच भरलेलं होतं. त्यांनी दिवा घालवला. पडद्यावर पाणी चमकलं आणि उजव्या कडेवरून करकोचा उडायला निघाला. वॉल्टला तो कापडातल्यापेक्षाही देखणा वाटला.

सिग्नेने स्लाइड काढून उलटीपालटी करून पाहिली. कोपऱ्यात नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका होता.

"कलाकार लावतात," मिस ओस्ट्रेम म्हणाल्या. "भरणाऱ्याचा अंगठा कुठे यावा त्याची खूण. ठिपके बघत बसले असते तर मी अजून इथेच असते."

स्ट्राउडनी आळ कधी घेतला, हे सिग्नेने विचारलं. बाईंना ते चांगलंच आठवत होतं. चित्र आलं तेव्हा प्राध्यापकांनी तोंड भरून कौतुक केलं. मग अर्जदाराचा बेत वाचून दाखवला, ओबाताचं नाव आलं, आणि ते गप्प झाले. जेवणानंतर त्यांना ती नक्कल आठवली.

शिष्यवृत्ती मिळाली होती क्रेग पोलमन या कुंभाराला, आणि तो निघाला स्ट्राउडचाच विद्यार्थी. वॉल्टने जिन्यातच निकाल लावला, "झालं, आपल्या पोराला पुढे काढलं." पण क्रेगनेच कबूल केलं की सरांनी पहिल्या फेरीत त्याच्याविरुद्ध मत दिलं होतं. "माझी भांडी इस्पितळातल्या बरण्यांसारखी दिसतात म्हणे," तो हिरमुसून म्हणाला.

स्ट्राउडनी दोघांना आदराने बसवलं. न्यासाने परदेशी धाडलेला पहिला माणूस तेच, वर्षभर ओबाताकडे शिकून आले अशी ख्याती; जपानी विणकामावर या भागात त्यांचा शब्द शेवटचा. भिंतीवरच्या फोटोत तरुण स्ट्राउड ओबाताच्या फाटकाबाहेर उभे होते. आतला एकही फोटो नव्हता, घरात मागही नव्हता.

"अगदी असंच कापड होतं?" सिग्नेने विचारलं.

"धागा न् धागा. करकोचा उजव्या कडेला, चोच बाहेर."

"ओळखू येऊ नये म्हणून तिने काही उलटसुलट केलं असेल ना?"

"तेवढीही लाज बाळगली नाही बाईने. जसंच्या तसं उचललंय."

ते कापड आता पाहायला मिळणार नव्हतं. ज्यांचं होतं त्यांचं घर जळालं, म्हणे.

दोन दिवसांनी न्यासाच्या खोलीत संचालक वेंडेल, मिस ओस्ट्रेम, स्ट्राउड आणि व्हर्ना बसले होते. सिग्नेने करकोचा पडद्यावर टाकला आणि वॉल्टला त्याखाली खरं कापड धरायला लावलं.

वॉल्टने एकदा वर, एकदा खाली पाहिलं. "अगं, हा तर उलट्या दिशेला चाललाय."

"स्लाइड पालथी बसली होती," सिग्ने म्हणाली. "ठिपका अंगठ्याखाली यायचा तो पलीकडे गेला. उजवीकडचा करकोचा जगातल्या कुठल्याच कापडावर नाही, फक्त या पडद्यावर आहे. तरी प्राध्यापकांनी तो क्योटोत पाहिला, जसाच्या तसा. म्हणजे त्यांनी पाहिला तो इथेच, या खुर्चीत बसून."

मिस ओस्ट्रेमनी मान खाली घातली.

"पण का?" वेंडेलनी विचारलं.

"कापड त्यांना आवडलं होतं. बिनसलं ते ओबाताचं नाव ऐकल्यावर. ही तिथे गेली असती आणि तुमचं नाव निघालं असतं, तर हा माझा जुना शिष्य असं ओबाता म्हणाला असता का, प्राध्यापक? की हे कोण, म्हणून त्याने विचारलं असतं?"

स्ट्राउडनी पडद्याकडे पाठ फिरवली.

"पहिल्याच दिवशी त्याने माझे हात पाहिले आणि दार लावून घेतलं," ते म्हणाले. "वर्षभर मी भाड्याच्या खोलीत पडून होतो. परत आलो तर स्टेशनवर फुलं घेऊन लोक उभे. काय सांगणार होतो त्यांना?"

वेंडेलनी निकाल सांगितला. प्राध्यापक प्रकृतीच्या कारणाने परीक्षकपद सोडतील. शाळेला वेंडेल स्वतः दोन शब्द सांगतील. क्रेग मात्र बोट गाठायला कालच निघाला होता, नाव जाहीर झालं होतं. व्हर्नाबाईंनी पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा.

"ओबाताने गेल्या आठवड्यात माग मोडून टाकला," व्हर्ना म्हणाली. "मी येत नाही कळल्यावर."

ती कापड गुंडाळू लागली. वॉल्टने दुसरं टोक धरलं. दाराशी ती स्ट्राउडच्या खुर्चीजवळ थांबली.

"मी तुमचं नाव तरी कशाला काढलं असतं तिथे?" ती म्हणाली. "मला त्याला एवढंच विचारायचं होतं, पाणी इतकं स्थिर कसं विणतात."