शेपूचं तळं

आधीच सांगतो, मी भुताखेतांचा माणूस नाही. डेटाबेसचा माणूस आहे. अमावस्या, उतारा, असलं काही आमच्या नागपूरच्या घरात कुणी मानलं नाही. तरी पुढे लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

शनिवार, १२ ऑगस्ट २००६. मिनेसोटा. ईडन प्रेरीजवळचं एक तळं. नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून घरं विकली जातात.

आणि रात्र नव्हती. सकाळचे सव्वासात वाजले होते. रात्र असती तर निदान काहीतरी भास झाला म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती.

आमचं टाउनहाउस त्या तळ्याच्या काठावर होतं. तळ्याला मिलफॉइल नावाच्या पाणगवताचा रोग लागला होता. कुणाच्या तरी बोटीला चिकटून बाहेरून आलेलं. दिसायला हुबेहूब शेपू. माझी बायको शैलजा त्याला शेपूच म्हणायची. मला शेपू ताटातही चालत नाही, आणि इथे आख्खं तळं शेपूचं!

ते उपटायला काठावरच्या लोकांची एक व्हॉलंटियर असोसिएशन होती. अकरा माणसं, बहुतेक सत्तरीची. प्रमुख आर्लीन, तळ्यावरची सगळ्यात जुनी रहिवासी. मला ती गॅरी म्हणायची. गिरीश तिच्या जिभेला काही केल्या झेपलं नाही.

कामाची पद्धत ठरलेली. जोडीने जायचं. एकाने पाण्यात उतरून शेपू मुळासकट उपटायचा, दुसऱ्याने कनूमध्ये, म्हणजे निमुळत्या छोट्या होडीत, बसून तो जाळीच्या पोत्यात भरायचा. तुकडा सांडू द्यायचा नाही. करंगळीएवढा तुकडा सुटला तरी तो दुसरीकडे जाऊन रुजतो. म्हणजे आपण उपटतोय की पेरतोय, तेच कळत नाही. तीन उन्हाळे आम्ही हेच केलं. या शनिवारी साफ, पुढच्या शनिवारी जैसे थे. वर दर महिन्याला मीटिंग, आणि तीत दोन तास परमिटवर चर्चा. डोकं उठायचं माझं.

मग जायचो कशाला? शैलजासाठी.

तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. सांगलीत कृष्णेत पोहून वाढलेली, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई इथे चार वर्षं घरात बसून होती. तळ्यावर मात्र तिची किंमत होती. तिच्याइतकं खोल कुणालाच जाता यायचं नाही. मला पोहता येत नाही, म्हणून मी कनूमध्ये.

असोसिएशनचा एक नियम कडक होता. कनूमधल्याने दर दोन मिनिटांनी हाक मारायची, पाण्यातल्याने उत्तर द्यायचं. बाकीचे इंग्लिशमध्ये ओरडायचे. आमचं मराठीत चालायचं.

"आहेस?"

"आहे!"

तिसऱ्या-चौथ्या हाकेला शैलजा वैतागायची. "आहे रे बाबा, मेले नाहीये अजून!"

आता ५ ऑगस्टचा शनिवार. त्या दिवशी आम्हाला तळ्याचं उत्तर टोक दिलं होतं. तिथे एकच घर, बंद पडलेलं. मी कनूमध्ये वाकून तुकडे वेचत होतो, किनाऱ्याकडे पाठ करून. मागे शैलजा कुणाशी तरी बोलत होती. मी लक्ष दिलं नाही. पोतं फाटलं होतं आणि मी त्याला शिव्या देत होतो.

निघताना ती कनूमध्ये चढली आणि म्हणाली, "बिचारी एकटीच असते रे ती. त्या लाकडी डॉकवर पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, निघालीस? म्हटलं, ओके, आय विल कम."

मी वल्हं खाली ठेवून हसलो. "अगं येडे, ते 'येते' आपल्यात म्हणतात! इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ खरंच येणार असा होतो. ती आता तुझी वाट बघत बसेल."

"मग काय 'जाते' म्हणू? बरं दिसतं का ते?"

"बाय म्हण ना सरळ."

हसलो आम्ही दोघंही. मी तर जास्तच हसलो.

रविवारी सकाळी आमच्या मागच्या पायरीवर शेपूची एक जुडी होती.

मंडईत ठेवतात तशी नीट. मुळासकट. एकही काडी तुटलेली नाही... आणि पाणी निथळत होतं.

मला वाटलं, शैलजाने आणली. तिला वाटलं, मी.

सोमवारी पुन्हा जुडी. मंगळवारी पुन्हा. मी शेजारच्या पोरांवर संशय घेतला, भांडायलाही गेलो. पोरं महिनाभर आजोळी गेली होती.

बुधवारी वैतागून आर्लीनला फोन केला. आठवड्याच्या मधल्या दिवसांत कोण उपटतंय, विचारलं. कुणीच नाही, म्हणाली. मग सहज सांगितलं, की उत्तरेच्या डॉकवर एक बाई शैलजाला भेटली, तिलाच विचारून बघतो.

कुठलं घर, ते तिने दोनदा विचारून घेतलं.



"त्या घराचा डॉक चार वर्षांत पाण्यात टाकलेला नाही, गॅरी," ती म्हणाली. "या शनिवारी तुम्ही दक्षिणेला जा."

इथे हिवाळ्याआधी डॉकचे, म्हणजे काठावरच्या लाकडी धक्क्याचे, भाग सुटे करून काठावर रचून ठेवतात, बर्फ वितळला की पुन्हा लावतात. शैलजाने कुठला तरी दुसरा डॉक पाहिला असेल, असं मी धरून चाललो. तिला सांगितलं तर ती उसळली.

"मी काय आंधळी आहे? लाकडाला हात लावून उभी होते मी! आणि मी तिला येते म्हटलंय. आपण उत्तरेलाच जाणार."

"आर्लीनने नको म्हटलंय."

"आठवडाभर घरात बसून असते रे मी. कुणीतरी माझी वाट बघतंय, तर तेही तुला खुपतंय?"

शनिवारी सकाळपर्यंत हे भांडण चाललं. शेवटी मी तोंड फुगवून कनू ढकलली. उत्तरेलाच.

धुकं इतकं होतं, की कनूचं टोकही नीट दिसत नव्हतं. इतर जोड्यांचे आवाज लांबून यायचे. शैलजा पिवळी टोपी चढवून पाण्यात उतरली.

दोन मिनिटांनी मी हाक मारली. भांडण असलं तरी नियम तो नियम.

"आहेस?"

"आहे."

डाव्या बाजूने शेपूचा गठ्ठा कनूच्या काठावर आला. मी पोत्यात भरला. लगेच दुसरा. मुळं एकदम स्वच्छ. एरवी एक पोतं भरायला अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत माझी चार भरली. मी मनात म्हटलं, रागाच्या भरात बाई कामाला जोर लावतेय.

"आहेस?"

"आहे."

सहा-सात वेळा विचारलं असेल. दर वेळी तेवढंच... आहे. चढ नाही, उतार नाही. एकदाही ती वैतागली नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की पाण्याचा आवाजच येत नाहीये. वर आल्यावर ती जोरात श्वास घ्यायची, फुरफुर करायची. त्यातलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं.

काठावर डॉकचे भाग एकावर एक रचलेले होते. फळ्यांतून हातभर गवत उगवलेलं. आणि त्याच्यासमोर पाण्यात, माझ्यापासून चांगल्या पन्नास फुटांवर, शैलजाची पिवळी टोपी दिसली. तोंड पाण्यात होतं. हलत नव्हती.

"शैलजा!"

"आहे."

उत्तर कनूच्या खालून आलं.

मी खाली बघितलं नाही. आजही सांगतो, बघायची हिंमतच झाली नाही. वेड्यासारखं वल्हं मारलं आणि तिच्याजवळ पोचल्यावर उडी टाकली. नशीब, पाणी छातीएवढंच होतं. तिच्या दोन्ही मनगटांना शेपू गुंडाळलेला होता, वेणी घातल्यासारखा, घट्ट. दाताने तोडला मी तो. तुकडे चारी बाजूंनी वाहून गेले. जाऊ दे, म्हटलं, रुजू दे सगळ्या तळ्यात!

काठावर ओढून तिला पालथी केली, पाठीवर मारलं. मी मोठमोठ्याने रडत होतो. शेवटी ती खोकली. पाणी बाहेर आलं.

डोळे उघडल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, राग होता.

"हाक का मारली नाहीस?"

"काय?"

"आम्ही डॉकवर बसलो होतो. ती म्हणाली, जोडीदार हाक मारेल तेव्हा जा. मी वाट बघत होते, गिरीश. किती वेळ... एकदाही हाक मारली नाहीस तू."

मी शपथ घेतली. आईची घेतली. तिने मान फिरवली.

दुपारी तिला हॉस्पिटलमध्ये ठेवून मी आर्लीनकडे गेलो. ती त्या सकाळी शेजारच्या कनूमध्ये होती, धुक्याच्या पलीकडे.

"आर्लीन, मी हाका मारत होतो ना? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "प्रत्येक हाक ऐकली. उत्तरंही ऐकली. भाषा कळली नाही, पण तो आवाज शायचा नव्हता." शैलजाला ती शाय म्हणायची.

"मग कुणाचा होता?"

तिने कप खाली ठेवला.

"माझ्या जोडीदाराचा," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी मीही तिला म्हटलं होतं, तू हो पुढे, मी येतेच. त्या सकाळी मला कंटाळा आला होता, गॅरी. मी तिच्या त्या डॉकवर गेले नाही."

मी हात जोडले तिला. म्हटलं, एवढंच शैलजाला येऊन सांग. माझ्यासाठी नको सांगू, तिच्यासाठी सांग. तिला वाटतंय मी रागाने गप्प बसलो आणि तिला बुडू दिलं.

आर्लीन हो म्हणाली. आली नाही. फोन उचलला नाही. पुढच्या महिन्यात घर विकून मुलीकडे निघून गेली. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये आम्हीही हललो, टेक्सासला, शुगर लँडला. मी आर्लीनचं सगळं बोलणं शैलजाला शंभरदा सांगितलंय. ती शांतपणे ऐकून घेते. बरं म्हणते. त्या 'बरं'चा अर्थ मला कळतो.

आज दोन वर्षं झाली. आम्ही एका घरात राहतो, एकत्र जेवतो. भांडण झालं तर मी आधी माघार घेतो. पण रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपते आणि मी छताकडे बघत पडतो. ज्या बाईने तिला बुडवलं, तिच्यावर शैलजाचा राग नाही. बिचारी एकटी होती, म्हणते. राग माझ्यावर आहे.

तुम्ही तरी विश्वास ठेवा हो. मी हाका मारल्या होत्या.