पाकिटावरचा पत्ता

"हे तुझंच काम!" सुईबाईने पाकीट टेबलावर आपटलं.

पाकिटावर नाव सुईबाईचं, पत्ता हॅलोबाईचा. वर ठळक छापलेलं: ‘हात थरथरतात? आजच उपचार घ्या.’ ते चुकून हॅलोबाईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कारखान्याच्या मालकिणीच्या टपालपेटीत पडलं. तिच्याच कारखान्यात सुईबाई वीस वर्षं कपडे शिवत होती. आज सकाळी पाकीट तिच्या हातात देऊन मालकीण म्हणाली, "उद्यापासून येऊ नका."

हॅलोबाई जन्मभर टेलिफोन ऑपरेटर. अख्ख्या गावाची भांडणं आणि लफडी तिच्या कानांवरून गेली, ओठांवर एकही आलं नाही. आणि चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीने तिलाच चुगलखोर ठरवावं?

"दुखणं ठाऊक कुणाकुणाला?"

"डॉक्टरांना, औषधवाल्याला आणि तुला. सुनेला कळू नये म्हणून गोळ्यासुद्धा तुझ्या घरी मागवते. एवढा विश्वास टाकला गं!"

"डॉक्टरांच्या कागदावर पत्ता कुठला?"

"माझा. का?"

हॅलोबाई चपला घालू लागली. "चल. आणि तोंड बंद ठेव."

औषधवाला हसून म्हणाला, "या मावशी!"

त्याचे वडील बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून मगच हातात ठेवायचे. ‘दुखणं ज्याचं त्याचं,’ म्हणायचे. हॅलोबाईला तो दोरा आठवला.

"हिची माहिती कुणाला दिलीस?"

"छे! डॉक्टरांकडून फुटली असेल."

"डॉक्टरांकडून फुटली असती, तर पाकीट हिच्या घरी गेलं असतं. मी चुगली केली असती, तर माझाच पत्ता कशाला दिला असता? हिचं नाव, हिचं दुखणं आणि माझा पत्ता, तिन्ही एकत्र फक्त तुझ्या वहीत आहेत."

औषधवाल्याने समोरची वही मिटली. "यादी विकत मागितली त्या उपचारवाल्यांनी... पण घरपोच सेवेच्या अर्जावर यांची सही आहे, मावशी!"

"सही गोळ्या घरी पोचवण्यासाठी होती, दुखण्याचा बोभाटा करण्यासाठी नव्हे. ज्या कामासाठी संमती, त्याच कामासाठी माहिती वापरायची, असा कायदा आहे. ही संमती परत घेऊ शकते, माहिती पुसायला लावू शकते. तिच्याबद्दल काय लिहिलंस, कुणाला दिलंस, लेखी दे. नाहीतर आम्ही तक्रार करू."

"देतो. पुसूनही टाकतो."

"आणि मालकिणीच्या डोक्यातून?" सुईबाईने विचारलं.

औषधवाल्याने कोरा कागद ओढला आणि लिहायला लागला.

तो लेखी कागद घेऊन दोघी बाहेर पडल्या. "चुकले गं," सुईबाई पुटपुटली. "आधी तुला विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतं."

रस्ता ओलांडताना हॅलोबाईने तिचा हात धरला, थरथर कुणाला दिसू नये इतका घट्ट. घर येईपर्यंत बोलली मात्र नाही.