उरलेलं मौन

बडनेरा रोडवर, दुपारी साडेतीनच्या उन्हात, एक जीप आणि तिच्यामागची दोनचाकी ट्रॉली रस्ता चुकून वळताना रुसल्यासारखी आडवी झाली होती. जीप मागं घ्यावी तर ट्रॉली भलतीकडेच वळायची. समोर ट्रक खोळंबलेला, आणि जीपमध्ये घामाघूम झालेला एक तरुण.

आचलनं स्कूटी कडेला लावली. ट्रॉल्या म्हणजे तिच्या घरचंच काम. समोरच्या वर्कशॉपात तिचे बाबा नत्थुजी त्या बनवायचे आणि दिव्यांच्या वायरी ती जोडायची. ती खिडकीशी गेली नि हातानंच खूण केली... स्टेअरिंग खालून धरा.

“खालून?”

तिनं मान हलवली. खालचा हात ज्या अंगाला न्याल, त्या अंगाला ट्रॉली जाईल, हे तिनं हवेत काढून दाखवलं. मग मागं जाऊन उभी राहिली. तळहात डावीकडे... हळू... अजून हळू... बस. आणि ती हट्टी ट्रॉली शहाण्या वासरासारखी मागं मागं येत वर्कशॉपच्या अंगणात शिरली.

तो उतरला. “मी अनुप, धामणगावचा. तुमी... माफ करजा, पण तुमाले बोलता येत नाई का?”

तिनं पर्समधून कागद काढून लिहिलं — ‘अधिक महिन्याचं मौन. दिवा लागल्यावर बोलते.’

“पूरा महिना? म्हणजे आता मी काईबी बोललो, तरी तुमी उलटून बोलू शकत नाई!”

आचलनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“समजलं,” तो कान पकडत म्हणाला. “डोळ्यानं बोलता येते तुमाले.”

तिला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच ठेवलं. आज एकोणतिसावा दिवस होता. मागच्या अधिकात तापाच्या भरात ती बरळली, आणि मौन मोडलं. पुन्हा अधिक यायला तीन वर्षं लागली होती. या वेळी फक्त आजचा नि उद्याचा दिवस राहिला होता...

तिचं लक्ष ट्रॉलीकडे गेलं. अकोल्याहून कढया, पराती आणि दोन लोखंडी भट्ट्या निघाल्या होत्या कौंडण्यपूरला, सप्ताहाच्या उद्याच्या महाप्रसादासाठी. पण भट्ट्या पार शेपटाकडे रचलेल्या. जीपला जोडणाऱ्या हुकाखाली साखळी नाही. मागचा नंबर पोत्यानं झाकलेला. तिनं एकेक गोष्ट बोटानं दाखवली.

“पासिंग हाय जी ट्रॉलीचं, कागद हायेत,” अनुप घाईनं म्हणाला. “अकोल्याहून आलोच ना इथवर? तिकडं आचारी वाट पाहून राहिले.”

आणि तो जीपमध्ये बसलाही.

फाटकाच्या उंचवट्यावर जीप चढली. ट्रॉलीचं शेपूट खाली बसलं, तोंड वर उचललं, आणि हुकाची पिन अर्धी बाहेर आलेली आचलला स्पष्ट दिसली. पुढं उतार, आणि उतारावर रसवंतीच्या बाकांवर बसलेली माणसं. तिनं टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात उंचावून हलवले. अनुपनं आरशात पाहिलं, आणि तिचा निरोप समजून, हसत हात हलवला!

“थांबा!!”

ब्रेक करकचून लागला. आचलनं तोंडावर हात ठेवला होता.

नत्थुजी धावत आले, हुकाशी वाकले. “लेका, आणखी एक धक्का बसता तर गेली असती ट्रॉली त्या माणसाइवर.”

मग आचल बोलली. जड सामान चाकांच्या जरा पुढं, म्हणजे हुक दाबून बसतो. दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींवर फुली करून, म्हणजे हुक निसटला तरी दांडा साखळ्यांत झेलला जातो. नंबर उघडा, ब्रेकचा लाल दिवा चालू. नत्थुजींनी पिन बदलली, साखळ्या लावल्या. अनुपनं भट्ट्या पुढं ओढल्या. आचलची आई, शकुनबाई, दारातून सगळं पाहत होती.

हात पुसत अनुप जवळ आला. “माह्यापायी मोडलं तुमचं मौन.”

“हाव,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

“मग काहून बोलल्या?”

“तुमाले तसंच जाऊ देलं असतं, तर ते मौन देवापुढं कोणत्या तोंडानं ठेवलं असतं मी?”

तो उन्हाकडे पाहत म्हणाला, “दिवा लागाले किती वेळ आहे?”

“अडीच तास.”

“तेवढं मी धरतो. उरलेलं. चालन का देवाले?”

“मले काय विचारता? देवाले विचारा.”

“विचारलं... काई बोलला नाई तो.” आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

आता सगळं उलटं झालं. “जीप कितीनं चालवान?” तिनं विचारलं. त्यानं चार बोटं दाखवली. “चाळीस, ठीक. मधात दोनदा उतरून साखळ्या पाहजा.” त्यानं छातीवर हात ठेवला. “आणि कोणी आडवं आलं, तर भांडान कसं?”

त्यानं डोळे असे वटारले — थेट तिच्या मघाच्या नजरेसारखे — की आचल खळखळून हसली. एकोणतीस दिवसांत दिवसाउजेडी पहिल्यांदा.

वर्कशॉपचं कार्ड खिशात घालून तो निघाला. लाल दिवा वळणावर एकदा लागला... आणि दिसेनासा झाला.

संध्याकाळी शकुनबाईंनी तेहेतीस अनारसे तळून परातीत मांडले. जावयाचं वाण. घरात जावई नव्हता, म्हणून दर अधिकात ते देवळात जायचं. तिकडे तुळशीपुढं आचलनं वात लावली, नि हात मागं घेते न घेते तोच फोन वाजला.

“पोचलो.”

“आत्ता?”

“पाऊण घंटा झाला. दिव्याची वाट पाहून राहिलो होतो. आचारी म्हणे, पोरगं उन्हानं मुकं झालं. रस्ताभर मनात बोलत होतो तुमच्याशी... आता फोन लागला, तर काईच आठवून नाई राहिलं.”

“आठवन तेव्हा सांगा.”

“परवा येतो, रिकामी ट्रॉली घेऊन. मागं घ्यायले तुमीच पायजे मले... आणि पुढं न्यायलेबी.” त्याला फोनवर तिचा नुसता श्वास ऐकू आला. “काहून? पुन्हा मौन?”

“नाई,” ती अगदी हळू म्हणाली. “ऐकून राहिली मी.”

“कोण आहे वं?” शकुनबाईंनी विचारलं.

“ते... ट्रॉलीवाले. परवा येतो म्हणतात.”

शकुनबाईंनी परातीवर रेशमी रुमाल सारखा केला. “परवा अधिक संपून जाते, आचल. त्याले म्हण, उद्याच ये.”

आचलनं लाजून फोन पदराआड धरला. पण ऐकायचं ते पलीकडं ऐकू गेलं होतं. तिकडून हळूच आवाज आला —

“...हाव जी. पंगती उठल्या की निघतो.”