सणातली चुकीची बाटली

थीराने इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि ते नेमकं फाइलिनच्या कपाळावर आपटलं.

"आई गं! दिसत नाही का?"

"दिसतं की... पण तू दाराशी वाकून काय शोधतेस?"

कपाळ चोळता चोळताही तिला हसू आलं. थायलंडमधल्या खोन केनच्या त्या प्रयोगशाळेत इन्क्युबेटर एकच. वरच्या कप्प्यात तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, खालच्यात त्याच्या हाडांच्या पेशी. तो वर्षाने मोठा, म्हणून ती थाई रीतीप्रमाणे आदराने त्याला ‘पी थीरा’ म्हणू लागली. मनातल्या मनात मात्र नुसतंच ‘थीरा’...

एप्रिलात सोंग्क्रान, थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण आला. सगळे गावी निघाले, पण पेशींना कुठली सुट्टी? त्यांना दर दोन दिवसांनी ताजं खाद्य लागतं.

"मी थांबणारच आहे माझ्या पेशींसाठी," थीरा म्हणाला. "तुझ्याही सांभाळतो."

"नक्की ना? महिनाअखेरीस आपल्या प्राध्यापक आचान बुस्सबांना काही दाखवलं नाही, तर त्या माझा प्रयोग बंद करणार आहेत."

"डोळ्यांत तेल घालून सांभाळीन!"

डोळ्यांत तेल नाही, पाणी गेलं. सणाच्या दिवशी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत लोकांनी त्याला बादल्यांनी भिजवलं, गालांना प्रथेप्रमाणे ओली पांढरी पूड फासली. तसाच डोळे चोळत त्याने फ्रिजमधली लाल द्रवाची बाटली उचलली.

सुट्टीनंतर फाइलिनने सूक्ष्मदर्शकात डोकावलं आणि तिचं धाबं दणाणलं. पेशी वाढल्याच नव्हत्या.

"काय घातलंत यांना?"

थीराचा चेहरा पडला. "माझ्या हाडांच्या पेशींवरून काढून ठेवलेलं जुनं पाणी... ते आणि ताजं खाद्य, दोन्ही लालच दिसतं गं."

"वाट लावलीत माझी!" तिला रडू कोसळलं. ती पेशींची बशी फेकायला निघाली — आणि थबकली. तिने मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग घातला. जवळजवळ कुणीच निळं झालं नाही.

"पी थीरा... या मेल्या नाहीत. झोपल्यात!"

"म्हणजे?"

"हाडात गेलेला कॅन्सर कधी कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो ना? तुमच्या पेशींनी त्या पाण्यात काहीतरी सोडलंय. तेच यांना झोपवतंय!"

मग दोघांनी तीच चूक तीनदा मुद्दाम केली. तिन्ही वेळा पेशी झोपल्या, ताजं खाद्य मिळताच जाग्या झाल्या.

"कल्पना कुणाची?" महिनाअखेरीस आचाननी विचारलं.

"चूक यांची, आचान. बघणं माझं."

आचान खळखळून हसल्या. "मग प्रयोग चालू राहू दे. पुढचं दोघांनी मिळून करा."

फाइलिनला आभाळ ठेंगणं झालं. बाहेर व्हरांड्यात येताच ती वळली.

"एक विचारू? वहीत लिहिलंय, तुमच्या पेशी सणाआधीच गोठवल्या होत्या. त्यांना खाद्य लागतच नव्हतं. मग थांबलात कशाला?"

थीराचे कान लाल झाले. "तुझ्या पेशींसाठी..."

"नुसत्या पेशींसाठी?"

"...नाही. तुझ्यासाठी. आवडतेस तू मला, फाइलिन. दार आपटलं तेव्हापासून."

तिने पर्समधून सणात उरलेली पांढऱ्या पुडीचं पाकीट काढलं, बाटलीतल्या पाण्याने दोन बोटं भिजवली आणि हळूच त्याच्या गालावरून फिरवली.

"अगं, सण संपून दोन आठवडे झाले!"

"तू बाटली चुकवलीस, थीरा. मी तारीख चुकवते."

थीराने हसत दुसरा गाल पुढे केला.