पाकोळीघरातला आवाज

"पाकोळ्यांचा आवाज बंद करायचा नाही. आणि का म्हणून विचारायचंही नाही." जुलाक हम्सीने, माझ्या थोरल्या काकाने, हे मला नवव्या वर्षी बजावलं. अबाह, म्हणजे माझे वडील, वारले त्याच आठवड्यात. बाप आतल्या शिडीवरून पडला आणि जागच्या जागी गेला, एवढंच मला सांगितलं होतं.

सांपितच्या नदीकाठी आमची तीन मजली, बिनखिडक्यांची इमारत आहे. तिथे माणसं राहत नाहीत. पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, आम्ही ती सुपासाठी विकतो. त्यांना भुलवायला रेकॉर्ड केलेला चिवचिवाट अहोरात्र वाजतो. वीज गेली तर बॅटरीवर. तळमजल्याच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, त्यावर प्लेअर, शेजारी अॅम्प्लिफायर आणि वर जायचं लोखंडी दार. चोरांच्या भीतीने त्याला कडी फक्त बाहेरून.

गेल्या बुधवारी भर दुपारी आवाज बंद पडला. जुलाकचा फोन आला, "रुसीदा, ये लवकर! बंजारमासिनला चार वर्षं कॉम्प्युटर शिकलीस ना? मग दाखव."

मी पोचले तेव्हा पाकोळ्या चरायला गेल्या होत्या. आचिल इमाह, माझी आत्या, डोक्यावरचा रुमाल कानांवर घट्ट ओढून दाराकडे पाठ करून उभी होती.

प्लेअरमधली वेळ पुढे सरकत होती. आवाजाची पट्टी पूर्ण वर. म्यूट नाही.

"एक थापड मार त्याला वरून," जुलाक म्हणाला.

"आजवर तुम्ही तेच केलंत. म्हणून तर ही दशा."

सेटिंग उघडलं. त्याच दुपारी जुलाकने नवा मॉनिटर जोडला होता. कॉम्प्युटर सगळा आवाज त्या मॉनिटरकडे पाठवत होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हता. दोन क्लिकचं काम.

क्लिक करणार तेवढ्यात ऐकू आलं. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा तीन.

एखादी वायर ढिली असेल, असं वाटलं. प्लेअर थांबवला. ठक, ठक, ठक. अॅम्प्लिफायरचा प्लग उपसला, लाल दिवा विझला. ठक, ठक, ठक. म्हणजे स्पीकरचा प्रश्नच उरला नाही. आवाज लोखंडी दारातून येत होता. खालच्या बाजूने.

"हे काय आहे?"

"पाखरं," जुलाक म्हणाला.

"पाखरं तीन-तीन मोजून ठोकतात?"

"लाव गं तो चिवचिवाट," आत्या कुजबुजली. "लाव आधी... त्याच्यात हे ऐकू येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं..."

"इमाह!" जुलाक ओरडला.

"तेव्हा म्हणजे कधी, आचिल?"

तिने जुलाककडे पाहिलं नाही. "तुझा बाप वरचे स्पीकर नीट करत होता. हम्सीने रोजच्यासारखी कडी घातली. आम्हाला वाटलं, बोटीवर गेलाय... त्या गलक्यात हाका कशा कळणार? चार दिवसांनी उघडलं तेव्हा इथेच होता. दाराशी."

शिडी नव्हतीच. पडणंही नव्हतं.

"झालं ते झालं," जुलाक म्हणाला. "पाखरं परतली आणि इथे शांतता दिसली तर एक टिकणार नाही. मग खाणार काय? बटण दाब. मोठ्यांचं ऐक."

तेरा वर्षं ऐकलं होतं. प्लगची वायर मी हाताभोवती गुंडाळली.

"नाही लावणार. तुम्हालाही लावू देणार नाही. त्याला तुम्ही एकदा या गोंगाटात मारलंत, रोज नाही मारायचं. बसा इथे दोघं. आणि ऐका."

जुलाक जमिनीवर बसला. आत्याने कानांवरचा रुमाल मागे सारला. आणि आतलं ठोकणं थांबलं.

दाराखालच्या फटीतून विष्ठेच्या उग्र वासाचा ओला गारवा इतका वेळ माझ्या पायांना लागत होता. तो मधोमध लागेनासा झाला. दाराला आतून पाठ टेकून कुणी बसलं की जेवढी जागा अडते, तेवढ्याच जागेत.