पुढची ओळ

टोपवाली भुताखेतांना घाबरणाऱ्यांतली नव्हती. केसांचे टोप करणाऱ्या बाईला घाबरून कसं चालेल? कुणाकुणाच्या वेण्या तिच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असायच्या, पण एकीनेही कधी हूं की चूं केलं नव्हतं. त्या शनिवारी दुपारची भांडी आवरून ती कामाला बसली तेव्हा तिला घाई होती, एवढंच.

टोप लेकीचा होता. आजारपणात पोरीचे सगळे केस गेले आणि तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. "टोप झाला तर सोमवारी कॉलेजात जाईन," एवढं तिने कसंबसं कबूल केलं होतं.

केस वारलेल्या नणंदेचे. वन्संनी शेवटच्या दुखण्यात स्वतःच वेणी कापून पोरीसाठी ठेवली होती. "पोरगी माझीच. तू नुसता जन्म दिलास," असं त्या हसतहसत म्हणायच्या, आणि टोपवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हौसेने कामाला हात लावायच्या, पण गाठ नेहमी एकेरी. टोपवाली त्यांच्यादेखत ती उसवायची आणि दुहेरी मारायची. बाकी केस मात्र काळेभोर, सरळ, बघत राहावेत असे! वेणी थोडी अपुरी पडली, म्हणून कपाळावरची ओळ टोपवालीने आपले पिंगट, कुरळे केस कापून भरली होती.

पडदे ओढून तिने दिवा लावला, लाकडी डोक्यावर चढवलेली टोपाची जाळी जवळ घेतली आणि थबकली.

पुढची ओळ नव्हती. सकाळीच मारलेल्या गाठी सुटल्या होत्या. पिंगट केस टेबलावर जुडी करून ठेवलेले, मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. आपोआप गळलेले केस असे पडत नाहीत. वन्संचा मात्र एक केस हललेला नव्हता.

तिने ओळ पुन्हा भरली आणि आतल्या खोलीत पोरीला औषध द्यायला गेली. पोरीने गोळी गिळली, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टक्… टक्… गाठ मारायची आकडी जाळीतून निघते तसा.

परत येऊन बघते तर जुडी तयार. आणि वास. केस तिने चारचारदा धुतले होते, तरी वन्संच्या तेलाचा तो गोडसर, दमट वास खोलीभर पसरला होता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मग राग आला, आणि तो काट्याहून मोठा होता.

"वन्सं…?"

तिने जुडी मुठीत घेतली.

"केस दिलेत, जन्मभर उपकार मानीन. पण पोरीची आई मी आहे. पुढची ओळ माझीच राहणार… काय करायचं ते करा."

तिने अंबाडा सोडला. लाकडी डोकं मांडीवर घेतलं, कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं आणि डोक्यावरचा जिवंत केस, न कापताच, आकडीने जाळीत ओढला. आधी गाठ, मग कात्री. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. डोळ्यांत पाणी आलं.

"ओढा… मीही ओढते."

दिवेलागणीपर्यंत ती तशीच वाकून बसली. ओळ भरली आणि एकही गाठ सुटली नाही. तेलाचा वासही गेला.

सोमवारी पोरगी आरशासमोर उभी राहिली. भांगाजवळचे कुरळे केस बोटाने दाबत म्हणाली, "आई, हे तुझे ना? मी तुझ्यासारखी दिसतेय गं!" आणि खरंच, कॉलेजची बॅग घेऊन बाहेर पडली. टोपवाली दारात उभी राहून पोटभर रडली.

मग स्वतःची वेणी घालायला बसली. कंगवा कपाळाशीच अडकला. तिने आरसा जवळ घेतला. पुढच्या ओळीत, जिथले केस तिने कापले होते, तिथे काळेभोर, सरळ केस होते. एक ओढून पाहिला, दुखलं नाही. मुळाशी बोट नेलं तर कातडीवर बारीकशी गाठ लागली.

एकेरी.

तिने आकडी उचलली.

"तुमच्या गाठी मी नेहमीच उसवत आलेय, वन्सं."

पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरीला आकडी लावणार, तोच मागे, मानेच्या वर, नवी गाठ मारावी तसा केस हलकेच ओढला गेला.

टक्…